फिटची गोळी आणि पहिले दोन महिने

माझं मेडिकल राजूरच्या बाजारपेठेत आहे. प्रवरेच्या खोऱ्यातलं हे बाजाराचं गाव. एका बाजूने भंडारदरा, रतनवाडी, घाटघर, साम्रदची माणसं आणि दुसऱ्या बाजूने पाचनई, कुमशेत, आंबीतची माणसं आठवडे बाजाराला इथेच उतरतात. मीठमिरची, बियाणं, पोरांच्या वह्या घेता घेता महिन्याची औषधंही घेऊन जातात. त्यांत नेमाने येणारं गिऱ्हाईक म्हणजे फिटचा पेशंट, किंवा त्याची आई, नाहीतर बायको. तापाची गोळी तीन दिवसांत संपते. फिटची गोळी वर्षानुवर्षं चालते आणि ती चुकली तर माणूस बांधावर, विहिरीच्या काठावर, पेटत्या चुलीपुढे कुठेही कोसळू शकतो. म्हणून कार्बामाझेपीन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, व्हॅल्प्रोएट, क्लोबाझाम, लेव्हेटिरासिटाम ही औषधं माझ्या फळीवरून कधी संपू नयेत, याची मी काळजी घेतो. भर पावसात घाटरस्ता बंद पडला तरी ती दुकानात असली पाहिजेत.

या औषधांनी असंख्य माणसांचे संसार सावरले आहेत. शाळा सुटलेली पोरं पुन्हा शाळेत गेलेली आणि ज्यांचं लग्न जमत नव्हतं अशा मुली नांदताना मी पाहिल्या आहेत. पण यांतलीच काही औषधं मोजक्या माणसांच्या अंगावरची कातडी भाजल्यासारखी सोलून काढतात. हे कुणाच्या वाट्याला येण्याचा धोका जास्त, ते बऱ्याच अंशी त्या माणसाच्या जनुकांत जन्मापासून लिहिलेलं असतं. शास्त्राला ही गोष्ट २००४ पासून ठाऊक आहे. आमच्या खोऱ्यातल्या घरांपर्यंत ती पोहोचलेली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मला ती कळली एका मुलीमुळे. बाजारचा दिवस होता, दुकानात गर्दी होती. वरच्या अंगाच्या एका गावातली बाई काउंटरशी आली. सोबत तेरा-चौदा वर्षांची मुलगी, डोक्यावरून टॉवेल ओढून घेतलेली.

“दादा, पोरीच्या अंगावर गरमी उठली. एखादं चांगलं मलम द्या.”

मी मुलीला टॉवेल बाजूला करायला सांगितलं. डोळे लालभडक, पापण्या चिकटलेल्या. ओठांवर रक्ताळलेल्या खपल्या. गळ्यावर आणि छातीवर गडद लाल डाग, मधोमध काळपट, एकदोन ठिकाणी पाणी भरलेले फोड. खाज येते का, म्हणून विचारलं. “खाजत नाय, जळतं,” एवढंच ती बोलली. तोंडाच्या आतही फोड होते. दोन दिवस तिला भाताची पेजसुद्धा गिळवत नव्हती.

“मावशी, हिला कुठली गोळी चालू आहे?”

आईने कनवटीची प्लॅस्टिकची पिशवी सोडली. आत अर्धवट कापलेली पट्टी होती, कार्बामाझेपीनची. मुलीला फिट येत होत्या म्हणून बाहेरगावच्या एका मोठ्या रुग्णालयात दाखवलं होतं आणि तिथून ही गोळी सुरू होऊन तिसरा आठवडा चालला होता. आधी ताप आला, घसा दुखला. मग अंगावर पुरळ दिसलं तसं गावात सगळे म्हणाले, गोवर आहे. उशाला लिंबाचा पाला ठेवला, घरात फोडणी बंद केली. गोळी मात्र एकदाही चुकवली नाही. चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अंगावर पुरळ आलं तर काय करायचं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ती माउली सांगितलेलं सगळं तंतोतंत पाळत होती आणि प्रत्येक गोळीबरोबर मुलीचं दुखणं वाढत होतं.

मी मलम दिलं नाही. पट्टी ठेवून घेतली, दुकान पोराच्या हाती सोडलं आणि दोघींना घेऊन ग्रामीण रुग्णालय गाठलं. डॉक्टरांनी मुलीला बघताक्षणी गोळी बंद केली, सलाइन लावलं आणि १०८ बोलावून नाशिकला धाडलं. मुलगी वाचली. अंगाची कातडी काही आठवड्यांत नवी आली. डोळ्यांचं मात्र कायमचं झालं. अश्रू पुरेसे येत नाहीत, ऊन सोसत नाही, दिवसातून कितीतरी वेळा थेंब घालावे लागतात. ते थेंब आता माझ्याच दुकानातून जातात.

या आजाराला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. अमेरिकेतल्या स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन बालरोगतज्ज्ञांनी १९२२ मध्ये दोन मुलांमध्ये त्याचं वर्णन केलं. याचंच उग्र रूप म्हणजे टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस. ॲलन लायेल या त्वचारोगतज्ज्ञाने १९५६ मध्ये त्याला नाव दिलं. अंगाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी कातडी सुटली तर पहिला, तीस टक्क्यांहून जास्त सुटली तर दुसरा आणि मधल्या पट्ट्यात दोन्हींची सरमिसळ, अशी डॉक्टरांची विभागणी असते. पहिल्यात दहातला जेमतेम एखादा दगावतो. दुसऱ्यात तिघांतला एक जातो. भाजलेल्या माणसाची करतात तशीच शुश्रूषा लागते: पाणी, मीठ, जंतुसंसर्गापासून जपणूक आणि पहिल्या दिवसापासून डोळ्यांच्या डॉक्टरची नजर. सगळ्यांत पहिला आणि सगळ्यांत मोठा उपचार एकच, तो म्हणजे कारण ठरलेलं औषध त्या क्षणी थांबवणं. त्यात जितका उशीर, तितकी कातडी जास्त जाते.

आपल्या शरीरात नेमकं काय बिघडतं, हे समजून घ्यायला मला बरंच वाचावं लागलं. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिनं असतात. पेशीच्या आत काय चाललं आहे, त्याचे बारीक तुकडे ती बाहेर मांडून ठेवतात. बाजारात धान्याचा व्यापारी पोत्याच्या तोंडाशी मूठभर दाणे मांडतो आणि गिऱ्हाईक ते हातात घेऊन आख्खं पोतं पारखतं, तसं हे असतं. इथे पारखणाऱ्या असतात रक्तातल्या टी पेशी. मांडलेला तुकडा ओळखीचा वाटला तर त्या पुढे जातात आणि विषाणूचा वाटला तर ती पेशी मारून टाकतात. ही एचएलए प्रथिनं माणसागणिक वेगळी असतात. ती ठरवणारी जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात. एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. त्यांतल्या एका प्रकाराचं नाव एचएलए-बी*१५:०२. त्याच्या खाचेत कार्बामाझेपीनचा रेणू बरोबर बसतो आणि टी पेशींना स्वतःचीच कातडी परकी वाटू लागते. मग त्या ग्रॅन्युलायसिन नावाचं प्रथिन सोडतात आणि त्वचेच्या पेशी धडाधड मरतात. फोडांतल्या पाण्यात हे प्रथिन भरपूर सापडतं, हे तैवानच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं.

जनुकाचा धागाही तैवानमध्येच सापडला होता. वेन-हुंग चुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा लेख छापला. कार्बामाझेपीनमुळे स्टीव्हन्स-जॉन्सन झालेले ४४ रुग्ण त्यांनी तपासले होते आणि ४४ च्या ४४ जणांत एचएलए-बी*१५:०२ निघालं. तेच औषध घेऊन काहीही त्रास न झालेल्या १०१ जणांत ते फक्त तिघांत होतं. औषधशास्त्रात इतका स्वच्छ संबंध क्वचित दिसतो. डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कार्बामाझेपीनच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीत इशारा घातला की आशियाई वंशाच्या रुग्णाला हे औषध सुरू करण्याआधी या जनुकाची तपासणी करा. मग तैवानमधल्या २३ रुग्णालयांनी ४,८७७ जणांना आधी तपासलं. ७.७ टक्के लोकांत हा प्रकार निघाला. त्यांना दुसरं औषध दिलं. बाकीच्यांना कार्बामाझेपीन दिलं. पूर्वीच्या प्रमाणाने दहाएक जणांची कातडी गेली असती. एकाचीही गेली नाही. हा अभ्यास २०११ चा. सिंगापूरने २०१३ पासून ही तपासणी नेहमीच्या उपचाराचाच भाग केली आणि थायलंडमध्ये रुग्णाच्या खिशात राहील असं जनुकांचं कार्ड देतात.

भारतात काय? गुजरातमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये कार्बामाझेपीनमुळे स्टीव्हन्स-जॉन्सन झालेले आठ भारतीय रुग्ण तपासले. सहा जणांत हाच प्रकार निघाला. अमेरिकी माहितीपत्रकात भारतीयांसह दक्षिण आशियातल्या लोकांत याचं प्रमाण सरासरी २ ते ४ टक्के दिलं आहे आणि काही समूहांत ते अधिक असल्याचंही म्हटलं आहे. हे ‘काही समूहांत अधिक’ वाचून मी थबकलो. आपल्याकडे लग्नं जातीत, जमातीत, ठरलेल्या गावांत होतात. त्यामुळे एखादं जनुक एका समाजात विरळ असतं आणि शेजारच्या समाजात दाट. खानदेशातल्या पावरा आदिवासींत एचएलए-बी*१५:०२ मुंबईच्या मराठा समाजापेक्षा जास्त आढळल्याची नोंद आहे. आमच्या अकोले तालुक्याच्या डोंगरी पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची दाट वस्ती आहे. देशाची सरासरी घेऊन या माणसांच्या धोक्याचा हिशेब मांडता येणार नाही. त्यांच्यासाठी त्यांचीच मोजणी व्हायला हवी.

एक जनुक कळलं म्हणजे सगळं कळलं, असंही नाही. २०११ मध्ये युरोप आणि जपानमधल्या अभ्यासांत एचएलए-ए*३१:०१ हा दुसरा प्रकार पुढे आला. त्याचा संबंध कार्बामाझेपीनच्या आणखी एका रिॲक्शनशीही आहे. त्यात ताप येतो, चेहरा सुजतो, गाठी येतात आणि यकृतावर सूज येते. फेनिटॉइनची कथा आणखी वेगळी. हे औषध यकृतातल्या ज्या विकराने मोडतं, त्याचं एक मंद रूप काही लोकांत असतं. त्याला सीवायपी२सी९*३ म्हणतात. अशा माणसाच्या रक्तात नेहमीच्या डोसनेही औषध साठत जातं. २०१४ मध्ये तैवानच्या चमूने जपान आणि मलेशियातल्या सहकाऱ्यांसह दाखवलं की फेनिटॉइनच्या गंभीर त्वचाविकारात हे मंद रूप ठळकपणे दिसतं. आपल्या देशात ते दुर्मीळ नाही.

फेनिटॉइनचं हे वाचलेलं मला पुढे उपयोगी पडलं. ती मुलगी घरी आल्यावर काही महिन्यांनी तिला पुन्हा फिट आली. वाटेत जो दवाखाना लागला तिथे दाखवून मामा चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठीवर फेनिटॉइन लिहिलं होतं. मी विचारलं, “हिची कातडी गेली होती, ते डॉक्टरांना सांगितलं का?” मामा म्हणाला, “सांगितलं ना, गोळी उठली होती म्हणून. ते म्हणाले, ती गोळी नको, ही दुसरी घ्या.” खरं तर ती अगदीच दुसरी नव्हती. कार्बामाझेपीन, ऑक्सकार्बाझेपीन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन आणि लॅमोट्रिजीन यांच्या रेणूंत एक सारखं कडं असतं. एकाने गंभीर रिॲक्शन आलेल्या माणसाला दुसऱ्यानेही येण्याची भीती मोठी असते. शिवाय एचएलए-बी*१५:०२ असलेल्यांनी फेनिटॉइनही टाळावं, असं आजचं मार्गदर्शन आहे. चिठ्ठी बदलणं हे फार्मासिस्टचं काम नव्हे. मी चिठ्ठीवरच्या नंबरला फोन लावला, नाशिकचा डिस्चार्ज पेपर मामाकडून मागवून त्याचा फोटो पाठवला. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि लेव्हेटिरासिटाम लिहून दिलं. आज ती मुलगी त्याच गोळीवर आहे.

हाँगकाँगमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथे २००८ मध्ये कार्बामाझेपीनआधी जनुकतपासणी सक्तीची झाली. त्या औषधाच्या रिॲक्शन थांबल्या. पण तपासणीचा व्याप नको म्हणून बऱ्याच डॉक्टरांनी फेनिटॉइनसारखी औषधं लिहायला सुरुवात केली, त्यांच्या रिॲक्शन वाढल्या आणि गोळाबेरीज होती तिथेच राहिली. हा हिशेब २०१४ मध्ये छापून आला. एका औषधाला बाजूला सारून दुसऱ्याकडे धावल्याने माणूस वाचत नाही. औषधांचं सगळं कुटुंब लक्षात ठेवावं लागतं.

आमच्याकडे ते लक्षात कसं राहावं? औषधाचं खरं नाव पट्टीवर बारीक अक्षरांत असतं आणि कंपनीचं नाव ठळक. एकच कार्बामाझेपीन टेग्रिटॉल, झेप्टॉल, मॅझेटॉल अशा वेगवेगळ्या नावांनी मिळतं. ‘मला टेग्रिटॉल चालत नाही’ एवढंच पाठ असलेला माणूस झेप्टॉल बिनधास्त गिळेल. त्यातून दहाच गोळ्या हव्यात म्हणून पट्टी कापली की नाव एका तुकड्यावर राहतं आणि माणूस दुसरा तुकडा घेऊन जातो. मी फिटच्या गोळ्यांची पट्टी कापताना नाव असलेला भाग गिऱ्हाइकाकडे जाईल असं बघतो आणि पाकिटावर औषधाचं मूळ नाव मराठीत लिहितो. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी सकाळच्या गोळीला सूर्य आणि रात्रीच्या गोळीला चंद्र काढतो.

त्या मुलीसाठी मी एक कार्ड केलं. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा, वर ठळक मराठी आणि खाली इंग्रजी अक्षरांत मजकूर: ‘कार्बामाझेपीनने स्टीव्हन्स-जॉन्सन झाला आहे. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, ऑक्सकार्बाझेपीन, लॅमोट्रिजीन देऊ नये.’ ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्यावर सही-शिक्का दिला आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याने ते लॅमिनेट करून दिलं. आईने ते रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं आहे. घरात जपून ठेवायचे कागद तिथेच असतात.

मग आईने विचारलं, “दादा, हिच्या धाकट्या भावालाबी एकदा झटका आला व्हता. त्याचं काय?” प्रश्न अगदी बरोबर होता. जनुक आईकडून किंवा वडिलांकडून येतं. आईबापांपैकी एकात त्याची एक प्रत असली तर प्रत्येक मुलात ते उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणजे एका घरात एकाची कातडी गेली, की सख्ख्या भावंडांनी, आईवडिलांनी आणि पुढे त्या व्यक्तीच्या मुलांनीही ही औषधं सुरू होण्याआधी डॉक्टरांना हे सांगितलंच पाहिजे. हे फक्त फिटसाठी नाही. कार्बामाझेपीन चेहऱ्याच्या कळेसाठीही देतात. गालात वीज चमकल्यासारखी कळ येणारे म्हातारे बाबा आणि आजी माझ्याकडे तीच गोळी घ्यायला येतात. काही मनोविकारांतही ती वापरतात. गोळी कशासाठी घेतली, याच्याशी जनुकाला देणंघेणं नसतं. भावाला न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं तेव्हा बहिणीचं कार्ड सोबत होतं. डॉक्टरांनी तपासणीची वाट न बघता वेगळ्याच जातीचं औषध निवडलं.

जनुकाची तपासणी करता येते. रक्ताचा नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातो, अहवाल काही दिवसांनी येतो आणि खर्च हजारांत जातो. भाताच्या आवणीला किंवा नारायणगावकडे टोमॅटो तोडायला मजुरीने जाणाऱ्या माणसाला हा खर्च झेपत नाही. तेवढे दिवस फिट थांबवून ठेवता येत नाहीत, हीही अडचण. त्याशिवाय अहवालाचा अर्थ समजावून सांगणारं कुणी लागतं. जनुक निघालं म्हणजे रिॲक्शन येणारच, असं नाही. ज्यांच्यात ते आहे त्यांतल्या बहुतेकांना काही होत नाही. जनुक निघालं नाही म्हणजे धोका शून्य, असंही नाही, कारण दुसरी जनुकं आणि दुसरी कारणं आहेत. अहवाल काहीही असो, पहिल्या काही आठवड्यांची पाळत सुटत नाही.

हे पाळत ठेवणं आमच्या हातात आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. या रिॲक्शन बहुतेक वेळा औषध सुरू झाल्यावर चार दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत दिसतात. दोन महिने उलटले की धोका खूप उतरतो. म्हणून पहिले दोन महिने डोळ्यांत तेल घालून राहायचं. नुसतं खाजरं पुरळ बहुधा साधं असतं, तरीही ते डॉक्टरांना दाखवायचंच. ताप आणि घसादुखीबरोबर पुरळ, तोंडात किंवा लघवीच्या जागी फोड, लाल झालेले डोळे, हात लावला तरी जळणारी कातडी किंवा सुजलेला चेहरा, यांतलं काही दिसलं तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हातात पट्टी घेऊन. गोवर, कांजिण्या, गरमी असं घरच्या घरी ठरवून दुखणं अंगावर काढायचं नाही.

लॅमोट्रिजीनच्या बाबतीत घाई हाच मोठा धोका. हे औषध अगदी थोड्यापासून सुरू करून आठवड्यांच्या टप्प्यांनी वाढवावं लागतं आणि सोबत व्हॅल्प्रोएट असलं तर आणखी सावकाश, कारण व्हॅल्प्रोएटमुळे लॅमोट्रिजीन रक्तात जवळपास दुप्पट टिकतं. आवणीच्या दिवसांत खालच्या बाजाराला येणं जमत नाही, आठवडाभर गोळी बुडते आणि मग माणूस थेट जुन्याच डोसवर परत येतो. असं करता येत नाही. पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावं लागतं. म्हणून पावसाळ्याआधी मी या पेशंटांना सांगतो, डॉक्टरांकडून दोन महिन्यांची चिठ्ठी घ्या आणि औषध घरात भरून ठेवा.

हे सगळं वाचून कुणी आपली चालू गोळी बंद करू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. कार्बामाझेपीन नव्याने घेणाऱ्या दहा हजारांत ही रिॲक्शन युरोपीय वंशाच्या देशांत एक ते सहा जणांना येते आणि काही आशियाई देशांत त्याच्या दहापट, असा अंदाज आहे. म्हणजे आपल्याकडेही बहुतेकांना ही गोळी निर्धोक लागू पडते. ज्यांना वर्षानुवर्षं ती मानवली आहे त्यांनी या रिॲक्शनची भीती बाळगायचं कारण नाही. गोळी अचानक सोडली तर मात्र एकामागून एक फिट येऊ शकतात, त्यात माणूस दगावूही शकतो. ज्यांची गोळी भगताच्या सांगण्यावरून किंवा खर्चापायी सुटली आणि जी ओढ्यात पडून गेली, अशी माणसं या खोऱ्यात सगळ्यांना माहीत आहेत. मुंबईची एपिलेप्सी फाउंडेशन डॉ. निर्मल सूर्या यांच्या पुढाकाराने राज्याच्या ग्रामीण भागात शिबिरं घेते, ती याचसाठी की लोकांनी गोळ्या सुरू कराव्यात आणि टिकवाव्यात. त्या कामाला माझ्या लेखाने धक्का लागता कामा नये. गोळी नेमाने घ्यायची आणि पहिले दोन महिने अंगावर लक्षही ठेवायचं. एकाच चिठ्ठीवर या दोन्ही सूचना मावतात.

औषधाने झालेल्या अपायाची नोंद करायची सोयही आहे. भारताचा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम २०१० पासून चालतो. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे त्याची सूत्रं आहेत. १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट किंवा खुद्द रुग्णही कळवू शकतो. रुग्णांसाठीचा अर्ज मराठीतही आहे. आमच्यासारख्या भागातून नोंदी गेल्याच नाहीत, तर कागदावर इथे कुणाला काही झालेलंच नसतं आणि मग इथल्या माणसांची जनुकं मोजावीत असं कुणाला वाटणारही नाही.

जनुक, वारसा, कार्ड हे आमच्या आदिवासी भागाला नवं नाही. १ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू झालं, सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवून. पाड्यावर जाऊन रक्त घ्यायचं, नमुना प्रयोगशाळेत न्यायचा, आईवडिलांना वारसा समजावून सांगायचा आणि हातात कार्ड द्यायचं, ही सगळी रीत त्यात बसलेली आहे. एचएलएची तपासणी वेगळी आणि महाग असली तरी ती सगळ्यांची करायची नाही; ज्याला कार्बामाझेपीन किंवा फेनिटॉइन नव्याने सुरू करायचं आहे त्याचीच करायची. जिल्हा रुग्णालयातून अशा रुग्णाचा नमुना मोफत पाठवता यावा आणि अहवाल येईपर्यंत लेव्हेटिरासिटामसारखी औषधं सरकारी दवाखान्यात भरपूर असावीत, ही मागणी अवाजवी नाही. एका मुलीच्या नाशिकमधल्या उपचाराला आणि जन्मभराच्या डोळ्यांच्या थेंबांना जो खर्च येतो, त्यात कितीतरी तपासण्या होतील. आणि ज्या आदिवासी समाजांत हे जनुक किती आहे ते ठाऊक नाही, तिथे ते मोजायला कुणीतरी यायला हवं.

ते होईल तेव्हा होईल. तोवर फिटची नवी गोळी लिहिणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने चिठ्ठीच्या खाली ‘ताप, फोड, लाल डोळे दिसल्यास गोळी थांबवून लगेच या’ एवढी एक ओळ मराठीत लिहावी, आणि ती गोळी देणाऱ्या प्रत्येक मेडिकलवाल्याने ती ओळ तोंडाने वाचून दाखवावी. त्या मुलीच्या आईला ही एक ओळ कुणी वाचून दाखवली असती, तर पुरळ दिसलं त्याच दिवशी तिने गोळी थांबवली असती. सांगितलेलं पाळणारी बाई होती ती.